लष्कराच्या भाकऱ्या : राज्यातल्या सरकारी वकिलांना खुले पत्र

राज्याचे माननीय महाधिवक्ता आणि तमाम सरकारी वकील, सहायक सरकारी वकील यांस,

स.न.वि.वि.

मी वकील नाही. तालुक्याच्या कोर्टाबाहेर चिंचेखाली एक टपरी आहे, तिथे १९९१ पासून टायपिंग करतो. आधी गोदरेजचं यंत्र होतं, आता संगणक आहे. चिंच तीच आहे. आपली ओळख नाही, पण तुमची वाक्यं माझ्या बोटांना पाठ आहेत. कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीने दिलेलं लेखी उत्तर, टाइप करायला आली की निम्मा मजकूर मी कागद न बघता मारतो. ‘दाव्यातील मजकूर खोटा, खोडसाळ व लबाडीचा असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ मग ‘वादीस दाव्यास कारण घडलेले नाही.’ आणि मग, ‘वादीस प्रस्तुतचा दावा दाखल करण्यास कोणताही हक्क व अधिकार पोहोचत नाही.’

हे तिसरं वाक्य इतक्यांदा लागतं की मी ते वेगळ्या फाइलीत साठवून ठेवलंय. नाव बदलायचं, चिकटवायचं, पुढे. हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे.

तुमच्या बोलण्यात त्याला ‘लोकस’ म्हणतात. ‘लोकस नाही’, ‘लोकसवर उडाली’, हे चहाच्या गाड्यावर रोज कानावर पडतं. लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ सरळ आहे : तुझा काय संबंध?

शेजाऱ्याच्या बांधाचं भांडण असेल तर हा प्रश्न चोख आहे. दोन भावांच्या वाटणीत तिसऱ्याने नाक खुपसलं तर मीही म्हणेन, बाबा, तू कोण? खाजगी पक्षकाराने हे वाक्य कैफियतीत टाकलं तर माझी तक्रार नाही, पानाचे पैसे मिळतात. पण सरकार, जिल्हा परिषद, नगरपालिका यांच्या वतीने जेव्हा तेच वाक्य पहिल्या परिच्छेदात येतं, तेव्हा माझी बोटं जरा अडखळतात. ज्याची मालमत्ता सांभाळायला ठेवलंय, त्यालाच राखणदाराने विचारावं, तुझा काय संबंध, असं काहीसं ते वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, हा कायदा आम्ही नाही केला. बरोबर. तो कुठून आला ते मी माझ्या परीने वाचलंय. टपरीवर दुपारी एक ते तीन काम नसतं, आणि एका जुन्या वकीलसाहेबांनी कपाट रिकामं करताना निकालांचे जाडजूड खंड मला दिले. इंग्रजी मला टाइप करण्यापुरतं येतं, त्यामुळे वाचायला वेळ लागतो. पण लागलेला वेळ वाया जात नाही.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात मेहमदाबाद म्हणून गाव आहे. तिथे जसभाई मोतीभाई देसाई यांची कमल टॉकीज होती. गावात दुसऱ्या कुणी नवं चित्रगृह काढायचं ठरवलं आणि त्याला ना-हरकत मिळाली. कायदा आपल्या ओळखीचाच, १९५३ चा मुंबई सिनेमा कायदा. द्विभाषिक राज्य फुटलं तेव्हा गुजरातच्या वाट्याला गेलेला. देसाई उच्च न्यायालयात गेले. गुजरात उच्च न्यायालयाने सांगितलं, तुम्हाला दाद मागण्याचा अधिकार नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९७५ मध्ये तिथेही हरले. न्यायमूर्ती सरकारिया यांनी लिहिलेला तो निकाल आजही लोकसच्या प्रत्येक वादात निघतो. नवं थिएटर आलं तर जुन्याचा गल्ला कमी होणार, हे नुकसान खरं. पण कायद्याने जपलेला कुठलाही हक्क त्यात मोडत नाही. शिवाय हरकती मागवल्या तेव्हा देसाई गप्प बसले होते.

त्याच निकालात कोर्टात येणाऱ्यांचे तीन गट पाडलेत. एक, ज्याला खरोखर झळ बसली तो, व्यथित. दुसरा, त्रयस्थ. आणि तिसरा, ज्याला आपल्याकडे लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा म्हणतात तो. या तिसऱ्याविषयी न्यायमूर्तींनी बरंच कडक लिहिलंय : न्यायाचे कैवारी म्हणून मिरवतात, स्वस्त प्रसिद्धी हवी असते, कारभाराच्या चाकाला खीळ घालायची असते.

खरं सांगतो, हे वाचून मला राग आला नाही. असे लोक मी पाहिलेत, त्यांचे अर्ज मी टाइप केलेत. माहिती अधिकारात कागद काढायचे, बिल्डरला नोटीस पाठवायची, जनहित याचिकेचा मसुदा दाखवायचा आणि मग एक दिवस ‘साहेब, ते प्रकरण राहू द्या, मिटलं’. तोडपाणी झाली की मसुदा माझ्याकडेच पडून राहतो. दोन आहेत अजून, टायपिंगचे पैसेही बुडाले. तेव्हा गाळणी नको असं म्हणायला मी बसलेलो नाही. २०१० साली बलवंतसिंह चौफल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या उच्च न्यायालयांना जनहित याचिकांसाठी नियम करायला सांगितले आणि अर्जदारांना एक लाखाचा दंडही केला. ती याचिका कशावरून होती, तर उत्तराखंडच्या महाधिवक्त्यांच्या वयावरून. तुमच्याच खुर्चीवरून. मुंबई उच्च न्यायालयाचे नियमही त्याच वर्षीचे.

पण मेहमदाबादच्या निकालातली एक बारीक गोष्ट मला जास्त आवडली. चित्रगृहाच्या जागेपासून दोनशे यार्डांच्या आत राहणारे लोक, तिथली शाळा, देऊळ, मशीद, यांची गोष्ट वेगळी, असं तिथे म्हटलंय. म्हणजे देसाईंना बाहेर काढताना न्यायालयाने हेही दाखवलं की आत कोण येऊ शकलं असतं. नुसतं दार लावलं नाही. ते कुणासाठी उघडतं तेही सांगितलं.

आता माझ्या गावची हकिकत. गावाचं नाव घेत नाही, नगरपालिकेचंही नाही; ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आमचा बाजार बुधवारचा. जुन्या बाजारतळावर भरायचा, एका कडेला वड, दुसऱ्या कडेला हौद. माझी मेव्हणी तिथे चिंच, बोरं आणि हंगामात हरभऱ्याचा ढाळा घेऊन बसायची. एका पावसाळ्यात तळाला चारी बाजूंनी पत्रे लागले. चौकशी केली तर कळलं, ठराव झालाय, जागा व्यापारी संकुलासाठी दिलीय. बाया एसटी स्टँडसमोरच्या गटारीवर जाऊन बसल्या. तिथे उन्हात कोथिंबीर दहा वाजता मान टाकते. बाजारतळावर वडाखाली ती दुपारपर्यंत उभी असायची. हे मी आकड्यात सांगू शकत नाही, जुडी हातात घेऊन बघावी लागते.

मी हौसेने कागद जमवायला लागलो. बायांकडे काय असणार? बाजारकराच्या पावत्या. गुलाबी, बोटभर रुंदीच्या, वर शिक्का इतका पुसट की नगरपालिकेचं नाव वाचायला पावती खिडकीशी धरावी लागते. नाव कुणाचंच नाही, नुसती तारीख आणि रक्कम. काहींनी तेल लागलेल्या, हळद लागलेल्या पावत्या आणून दिल्या. एकीने वीस वर्षांच्या पावत्या दोऱ्यात ओवून खुंटीला टांगल्या होत्या. देवाला नवस बोलल्यासारख्या. त्या मी जशाच्या तशा पिशवीत घातल्या आणि जिल्ह्याच्या गावी वकिलांकडे गेलो.

वकीलसाहेब भले. फी बोलले नाहीत. पावत्या चाळल्या आणि विचारलं, “यात तुमचं काय बुडतंय?”

म्हटलं, काही नाही.

“मग रिट, म्हणजे उच्च न्यायालयातली याचिका, तुमच्या नावाने चालायची नाही. पहिल्याच तारखेला समोरून लोकसचा मुद्दा येणार.”

म्हटलं, मग जनहित याचिका करू.

“तिथे शपथेवर लिहावं लागेल, यात माझा वैयक्तिक फायदा नाही, खाजगी हेतू नाही. घरचं कुणी बाजारात बसतं का?”

मी मेव्हणीचं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. झळ नसेल तर व्यथित नाही, म्हणून रिट नाही. झळीचा वास जरी आला तरी निःस्वार्थ नाही, म्हणून जनहितही नाही. एका दारावर लिहिलंय ‘संबंधितांखेरीज प्रवेश नाही’ आणि दुसऱ्यावर ‘संबंधितांस प्रवेश नाही’. दोन्हींच्या मधल्या बोळात मी पिशवी घेऊन उभा.

वकील म्हणाले, बायांनाच अर्जदार करा. हा सल्ला बरोबर होता, आणि मी गेलो बायांकडे. पावत्या ओवून ठेवणारी मावशी सगळ्यांत खमकी, म्हणून तिलाच आधी विचारलं. ती जुड्या बांधत होती. केळीच्या सोपटाची दोरी दातात धरून म्हणाली, “माझं नाव लावशील. मग पुढच्या बुधवारी मला गटारीवर तरी बसू देतील का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वसुलीवाला रोज तिच्यासमोर येतो. उच्च न्यायालय तिच्यासमोर कधीच येणार नाही.

तर आमचं प्रकरण दाखलच झालं नाही. तुम्हाला त्यात एक ओळही लिहावी लागली नाही. तुमच्या त्या वाक्याचा दरारा असा आहे की ते न लिहिताही लागू पडतं. आणि जो प्रश्न विचारायचा होता तो राहूनच गेला : फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्यात कलम ३ म्हणतं, पाहणी पूर्ण होऊन सगळ्यांना विक्रीची प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. आमच्या गावात पाहणी झाली होती का? हो किंवा नाही, एका शब्दाचं उत्तर. ते अजून कुणी दिलेलं नाही. संकुलाचा तळमजला झालाय, वड पाडला.

आता तुमच्या घराण्याची एक जुनी गोष्ट सांगतो. तुम्हाला ठाऊक असणारच, पण तुमच्या पहिल्या परिच्छेदात ती कधी दिसत नाही.

१८ मार्च १९८१ ला केंद्रीय कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी राज्यांना एक परिपत्रक धाडलं. अतिरिक्त न्यायाधीशांकडून बाहेरच्या राज्यात जायला तयार असल्याची संमती घ्या, असा त्याचा आशय. मुंबईचे काही वकील त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. इक्बाल छागला त्यांत पुढे होते. पुढे ही प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात एकत्र झाली आणि एस. पी. गुप्ता या नावाने ओळखली जाऊ लागली. कायदामंत्र्यांच्या वतीने पहिला आक्षेप कोणता आला असेल? अर्थात लोकस. परिपत्रक न्यायाधीशांबद्दल, तुम्ही वकील. तुमचं काय बुडतंय?

हा अगदी माझ्या वकीलसाहेबांचा प्रश्न. फरक इतकाच, की तो सात न्यायाधीशांपुढे विचारला गेला. ३० डिसेंबर १९८१ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी त्याचं जे उत्तर दिलं त्यावर आपल्या देशातली जनहित याचिका उभी आहे. नुकसान जर सगळ्यांचं मिळून झालं असेल आणि एकेकट्याचं वेगळं मोजता येत नसेल, तर ‘तुझं काय बुडालं’ या एका प्रश्नावर सरकार कायम सुटत राहील. ते चालू द्यायचं नाही. गरिबीने किंवा असहायतेने जो येऊ शकत नाही, त्याच्यासाठी दुसरा कुणी सद्हेतूने येऊ शकतो. मावशीसाठी कुणीतरी.

गंमत पुढेच आहे. लोकसवर ते वकील जिंकले, पण परिपत्रकावर हरले. बहुमताने परिपत्रक टिकलं. म्हणजे सरकारपाशी मुद्द्याचं उत्तर होतं! तरीही आधी ढाल पुढे केली ती ‘तुम्ही कोण’ची. हे वाचताना मी दुपारी एकटाच हसलो. पुढचा गिऱ्हाईक म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही, जुनी कैफियत वाचतोय.

आपल्या राज्याने तर दोन मुख्यमंत्री अशाच ‘तुझा काय संबंध’वाल्यांमुळे गेलेले पाहिलेत. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा सिमेंट वाटपाचा निकाल आला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. त्यांच्याविरुद्ध फौजदारी फिर्याद दिली होती रामदास नायक यांनी, म्हणजे विरोधी पक्षातल्या माणसाने, खाजगी नागरिक म्हणून. ती टिकते का, हा प्रश्न घटनापीठापर्यंत गेला आणि १९८४ साली उत्तर मिळालं : कायद्यानेच वेगळं काही सांगितलं नसेल तर गुन्ह्याची फिर्याद कुणीही देऊ शकतो. दुसरे निलंगेकर. त्यांच्या मुलीच्या एम.डी.च्या परीक्षेतल्या गुणांत फेरफार केल्याच्या आरोपाचं प्रकरण कोर्टात नेलं होतं एका नापास परीक्षार्थीने. त्याला स्वतःचा निकाल हवा होता, स्वार्थ उघड होता. मुख्यमंत्र्यांनी मार्च १९८६ मध्ये खुर्ची सोडली, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढे म्हटलं, अर्जदार स्वतःसाठी आला असला तरी त्याने आणलेला प्रश्न सगळ्यांचा आहे, तो बघितला पाहिजे. त्या परीक्षार्थीला कुणी माझ्यासारखं बोळात उभं केलं असतं तर?

आणि उलट टोकाचंही एक प्रकरण आहे. ते तुमचं नाही, सीबीआयचं आहे, पण प्रश्न तोच. सोहराबुद्दीन शेख चकमक प्रकरणात मुंबईच्या विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये अमित शहा यांना दोषमुक्त केलं. तो आदेश बरोबर की चूक, हा या पत्राचा विषय नाही. सोहराबुद्दीनचा भाऊ उच्च न्यायालयात गेला आणि २०१५ मध्ये त्याने अर्ज मागे घेतला. सीबीआयने अपील केलं नाही. मग माजी सनदी अधिकारी हर्ष मंदर गेले. मार्च २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अधिकार नाही म्हणून याचिका फेटाळली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दार उघडलं नाही. मग वकिलांची एक संघटना म्हणाली, निदान सीबीआयला अपील करायला सांगा. नोव्हेंबर २०१८ मध्ये तीही याचिका गेली.

यातला एकेक आदेश सुटा वाचला तर प्रत्येकाला कायद्याचा आधार सापडेल. पण टायपिस्टाला सवय असते सगळी पानं एका टाचणीत लावायची. लावून बघा. ज्याला अधिकार त्याने माघार घेतली, ज्याचं कर्तव्य त्याने अपील केलं नाही, जो स्वतःहून आला तो परका, आणि कर्तव्याची आठवण करून द्यायला गेले तेही परतले. मग त्या आदेशाला वर आव्हान द्यायचं तर कुणी? आदेश योग्य असेल तर वरच्या न्यायालयात तपासून तो आणखी पक्का झाला असता. तेही झालं नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे २०२५ ला, कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. आमच्या भागातल्या वकिलांनी त्यासाठी किती वर्षं आंदोलनं केली, काम बंद ठेवलं, ते मी टपरीतून पाहिलंय. त्या दिवशी मी पेढे खाल्लेत. मुंबईची रात्रीची गाडी वाचली, लॉजचं भाडं वाचलं. मावशीला मी तेही सांगितलं. म्हणाली, “जवळ आलं हे चांगलं झालं. पण आत गेल्यावर मला विचारणार कोण म्हणून, ते विचारणारच की.”

तेव्हा माझं मागणं लहान आहे. लोकसचा आक्षेप घेऊच नका, असं मी म्हणत नाही. तोडपाणीवाल्यांवर खुशाल घ्या, पुरावा असेल तर दंडही मागा. पण सरकारच्या वतीने तो घ्याल तेव्हा त्याच परिच्छेदात आणखी दोन गोष्टी लिहा. एक, हा अर्जदार नाही तर या कृतीविरुद्ध दाद मागायचा अधिकार नेमका कुणाला आहे. मेहमदाबादच्या निकालात दोनशे यार्डवाले दिसतात, तसं. दोन, जे घडल्याचा आरोप आहे ते घडलं की नाही. लोकसवर प्रकरण उडालं तरी हे उत्तर कागदावर राहील आणि ज्याला खरोखर अधिकार आहे त्याला ते कामाला येईल. तुम्ही पैसे सरकारी तिजोरीतून घेता, आणि त्या तिजोरीत मावशीच्या गुलाबी पावत्यांच्या जातीचेच पैसे असतात. एवढी अपेक्षा जास्त होऊ नये.

मसुद्याला वेळ नसेल तर मीच करून ठेवलाय. नाव बदलायचं, चिकटवायचं :

‘प्रस्तुत अर्जदारास दाद मागण्याचा अधिकार नाही असे या जाबदारांचे म्हणणे आहे. तथापि सदर कृतीविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार खालील व्यक्तींस आहे हे जाबदारांस मान्य व कबूल आहे : ________. तसेच अर्जात नमूद केलेली घटना घडलेली आहे / नाही. (नको ते खोडावे.)’

पानाचे पैसे नकोत. फक्त ती मोकळी जागा भरून आणा.

आपला,
कोर्टाबाहेरच्या चिंचेखालचा एक टायपिस्ट